ग्रे कापडाचे तंबू

गुरुवारी सकाळी मी तंबूबाहेर आले तेव्हा सावळ्याकाकांची तांबडी गाय शेजारचा तंबू खात होती. चाटत नव्हती, खात होती. दाराची झडप अर्धी तिच्या तोंडात गेली होती आणि ती डोळे अर्धवट मिटून, सावकाश, काहीतरी आवडीचं खावं तशी चघळत होती. पलीकडे आणखी चार गुरं होती. प्रत्येकाने आपापला तंबू निवडून चाटायला घेतला होता.

"मनिषा!" मी ओरडले.

मनिषा तळ्यावरून हंडा घेऊन येत होती. तिने हंडा खाली ठेवला, वाटेतली काठी उचलली आणि तोंडाने एक आवाज काढला, तो मला आजवर जमलेला नाही. चार गुरं बांधाकडे पळाली. तांबडी पण गेली, पण झडप घेऊन गेली.

आम्ही दोघी फाटक्या तंबूसमोर उभ्या राहिलो. शनिवारी दुपारी ठाण्याहून वीस माणसं येणार होती.

उंबरखोंडचं तळं भिवंडीच्या बाहेर, डोंगराच्या कुशीत आहे. जीप पायथ्यापर्यंत जाते, पुढे तासाभराची चढण. वर मनिषाचा पाडा, पाड्याच्या मागे जुना मातीचा बांध, बांधाआड पाणी, आणि पाण्याकाठी एक सपाट माळ. मनिषा आणि मी भिवंडीच्या कॉलेजात एकत्र होतो. ती वनस्पतिशास्त्राला, मी रसायनशास्त्राला. त्या माळावर मुक्कामाला माणसं येतील, आणि ती जागा पाड्यातल्या बायका चालवतील, हे तिच्या डोक्यात दुसऱ्या वर्षापासून होतं. मी तेव्हा हो हो म्हणायचे. ती विसरेल असं मला वाटायचं.

ती विसरली नाही. पाड्याच्या सभेत ती तीनदा उभी राहिली आणि तिसऱ्यांदा सभेने तिला एक संधी दिली. पहिली मंडळी येऊन, राहून, धड परत गेली, की माळ तीन वर्षांसाठी बायकांच्या गटाकडे. नाही जमलं तर माळ माझ्या चुलतभावाला द्यायचा, प्रितमदादाला. त्याची मानकोलीला गोदामं आहेत आणि आता त्याला डोंगरात काहीतरी हवं आहे. त्याच्याकडे नायलॉनचे नवेकोरे तंबू होते, आणि ते तो मनिषाला फुकट वापरायला द्यायलाही तयार होता. पण सावळ्याकाकांनी सभेत सांगितलं होतं, "तंबू त्याचं आले तर कॅम्प बी त्याचाच होईल. आपलं आपन उभं करा, न्हायतर सोडा." सावळ्याकाका मनिषाचे सख्खे काका. पाड्यात त्यांच्या शब्दावर सहसा कुणी बोलत नाही, मनिषा सोडून.

म्हणून तंबू आम्ही घरी शिवले. कापड माझ्या हिरामणमामाच्या लूमचं, यंत्रमागावर विणलेलं, जाड सुती दुसुती. शिलाई कमळामामीची आणि पाड्यातल्या दोघींची, अंजूरला मामीच्या ओसरीवर. पाणी अडवायचं काम माझं. साबणाच्या पाण्यात कापड बुडवायचं, मग तुरटीच्या पाण्यात. साबण आणि तुरटी मिळून धाग्यांवर न विरघळणारा थर धरतात आणि पाणी वरच्यावर ओघळतं. जुनी रीत आहे. अंजूरला गच्चीवर तंबू ताणून मी त्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं, आत एक थेंब आला नव्हता. मामी टाळ्या वाजवत म्हणाली होती, "शिकलेली पोर कामाला आली गो."

आता मी त्याच कापडावर हात फिरवला. रात्रभराच्या दवाने ते चिकट झालं होतं. बोटांना पांढरट बुळबुळीत काहीतरी लागलं. मी ते हुंगलं. शिळ्या पेजेचा वास.

"मनिषा, तुझी औषधाची पेटी दे."

"हात कापला?"

"आयोडीन हवंय."

फाटलेल्या कडेवर मी आयोडीनचा एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता निळा झाला, मग काळा. मग मी माझ्या ओढणीच्या टोकावर एक टाकला. तो तपकिरीच राहिला.

मनिषाने दोन्ही बघितले. तिला समजवायची गरज नव्हती. बटाट्याच्या कापावर हा प्रयोग शाळेत सगळे करतात. "स्टार्च," ती म्हणाली. "आपण गुरांना भाताचे तंबू करून दिले."

रेंज बांधावरच येते. तिथे जाऊन मी मामाला फोन लावला. मागे लूमचा खडखडाट होता, मामा ओरडून बोलत होता.

"मामा, कापडाला कांजी होती?"

"मंग? कांजी न्हाय लावली तर लूमवर ताणा तुटल ना! मक्याची कांजी हाय, चांगली."

"ती धुऊन काढायची असते ना?"

"ते आपलं काम न्हाय गो. आपन ग्रे देतो. ग्रे मंजे ग्रे. पुढं परोसेसवाला धुतो, रंगवतो, काय करायचं ते करतो." मग म्हणाला, "का गो, काय झालं?"

"गाय खातेय."

"काय?"

"तंबू!"

मामा हसायला लागला आणि मागच्या कुणालातरी हिंदीत सांगायला लागला, "अरे सुनो, गाय अपना माल खा गयी." मी फोन ठेवला.

गोष्ट सोपी होती, आणि आमच्याच घरात होऊ शकेल अशी होती. लूमवरून जे उतरतं त्याला भिवंडीत ग्रे म्हणतात. ते करड्या रंगाचं नसतं, सायीच्या रंगाचं असतं. कच्चं कापड, त्यात धाग्याला बळ यावं म्हणून लावलेली कांजी तशीच असते. ते तागे ट्रकमध्ये भरून दुसरीकडे जातात, धुतले जातात, रंगतात, आणि कापड होतात. पण आम्ही लहानपणापासून ते ट्रकमध्ये भरेपर्यंतच बघितलेलं. ट्रक भरला की माल तयार, हे इतकं रोजचं की ग्रे म्हणजे तयार कापड नव्हे, हा विचार मामाच्या, मामीच्या आणि माझ्या, तिघांच्याही डोक्यात आला नाही. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने दुकानातून धुतलेलं कापड आणलं असतं.

साबण-तुरटीचा थर मी धाग्यावर नाही, कांजीवर चढवला होता. बादलीने ओतलेलं पाणी क्षणात ओघळून गेलं. दव तसं करत नाही. ते रात्रभर बसून राहतं, मुरतं. कांजी फुगली, थर सुटला. ओतलेलं पाणी आणि मुरणारं पाणी हे दोन वेगळे प्रयोग होते, आणि मी एकच केला होता.

माळावर परत आले तर सावळ्याकाका फाटक्या तंबूजवळ उकिडवे बसले होते. पाड्यातल्या बायकाही जमल्या होत्या. मनिषाची आई, चंद्रामावशी, कमरेवर हात ठेवून दिराकडे बघत होती.

"गाय कुनाची?" चंद्रामावशीने विचारलं.

"माझी हाय," सावळ्याकाका म्हणाले. "पन तिचा काय दोष? तुमी चारा टांगून ठेवला."

"बांधायची होती."

"तुमच्या पाव्हण्यांसाठी मी गाव बांधून ठेवू काय?" मग माझ्याकडे वळून, रागाने नाही, विचारल्यासारखं, "पोरी, आता?"

मी मनिषाकडे बघितलं. ती दाराच्या फाटलेल्या कडेचे धागे बोटांवर गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती.

"कांजी निघेल?" तिने विचारलं.

"नुसत्या पाण्याने नाही. मुरलेली आहे. ती तोडणारं काहीतरी लागेल."

"काय?"

"कारखान्यात एन्झाइम वापरतात. आपल्या थुंकीतही असतं. भात चावत राहिलं की गोड लागतो ना, ते त्याचंच काम."

सावळ्याकाकांनी दहा तंबूंवरून नजर फिरवली. "मंग सगळ्या पाड्यानं थुकायचं काय?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "सावळ्याभाऊंनी एकट्यानं केलं तरी होईल, तंबाखू खातात ते." चंद्रामावशीला हसू आवरेना. मनिषा मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं की ती तेच शोधतेय जे मी शोधतेय. मोड आलेलं धान्य. बी रुजताना आपल्यातला स्टार्च स्वतःच फोडतं, त्यासाठी लागणारं एन्झाइम स्वतःच तयार करतं. हे तिच्या विषयात येतं, माझ्या नाही.

"नाचणी," ती म्हणाली. "दिपिकावहिनी!"

दिपिका तिची भावजय, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. बाळासाठी ती नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळत असे. "डबाभर हाय," ती म्हणाली. "अंगणवाडीची पाकिटं बी हायत."

"पाकीट नको," मी म्हणाले. "ते भाजलेलं असतं. भाजलं की एन्झाइम मरतं. तू भाजतेस?"

"न्हाय. उन्हात वाळवते नुसती."

तिच्या चुलीवर आम्ही तांदळाची घट्ट पेज केली. जरा निवू दिली, मग त्यात चमचाभर नाचणीचं पीठ घालून ढवळत राहिलो. सगळे वाकून बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग पळीवरून पडणारी पेज बारीक धार धरायला लागली, आणि थोड्या वेळाने पळी उचलली तर पाणी सांडावं तशी खाली आली.

"पेजंचं पानी झालं," चंद्रामावशी म्हणाली.

"बाळासाठी पातळ व्हावी म्हनून तर घालतो," दिपिका म्हणाली. "त्यात काय एवढं."

मनिषा उठली. "आई, लग्नाचे टोप कुणाकडे आहेत?"

"शेजारच्या सुभाषकडं. पन तू आधी जेव."

"नंतर."

मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते तिचं हे "नंतर". ती जेवली नाही, बसली नाही, काही मोठं बोललीही नाही. दुपारपर्यंत तिने जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, दोन मोठे टोप बांधाखाली मांडून घेतले, लाकडं रचली, घराघरातून मोडाची नाचणी गोळा करायला माणसं पाठवली आणि तंबू उपटायला स्वतः लागली. गटातली एक बाई म्हणाली, "अगं, त्या प्रितमशेटचे तंबू एका दिवसापुरते घेतले तर? शनिवार तर निघेल." मनिषाने तिच्या हातात तंबूचं दुसरं टोक दिलं आणि म्हणाली, "वहिनी, ओढा."

टोप तळ्यापासून लांब मांडायचा आग्रह माझा होता. कांजीचं पाणी तळ्यात गेलं असतं तर शेवाळ माजलं असतं आणि मासे गुदमरले असते. त्यासाठी खड्डा खणावा लागला, आणि तो सुभाषने कुरकुरत खणला. गरमपणा मोजायला काही नव्हतं. पण उकळतं पाणी शंभरच्या आसपास, तळ्याचं पाणी हिवाळ्यातलं, विसाच्या जवळ. दोन्ही सारखी ओतली की साठ, टोप आणि कापड थोडी उष्णता खातात म्हणून जरा कमी. नाचणीच्या एन्झाइमला तेवढंच हवं असतं. त्याहून गरम झालं तर ते मरतं, गार राहिलं तर आळसावतं. "हंड्याला हंडा," मनिषाने बायकांना सांगितलं, आणि त्यांनी ते गाण्यासारखं धरलं: एक हंडा चुलीवरचा, एक हंडा तळ्यातला.

पहिला तंबू बाहेर काढून, पिळून, मी आयोडीन टाकलं. निळा डाग.

"अजून ठेव," मनिषा म्हणाली.

पुन्हा टाकलं. फिकट निळा.

"अजून."

तिसऱ्यांदा थेंब तपकिरी राहिला. चंद्रामावशीने तो बघितला, मग स्वतः बाटली हातात घेतली आणि त्यानंतर कुठल्याच तंबूवर मला थेंब टाकू दिला नाही.

शुक्रवारभर तेच चाललं. कांजी काढायची, तळ्यापासून लांब खळबळायचं, साबणाचं पाणी, तुरटीचं पाणी, खडकांवर पसरायचं. साबण आणि तुरटी खालच्या गावातल्या दुकानातून आली. दुकानदाराकडची तुरटी दाढीच्या वड्यांची होती, ती सगळी आम्ही संपवली. बोटांची सालं निघाली. संध्याकाळी नाचणी संपली. सात तंबू झाले होते. तीन तसेच पडले होते, त्यातला एक दाराविना.

"सातच," मी म्हणाले.

"सात," मनिषा म्हणाली, जणू मी काही वेगळं बोलले होते.

शनिवारी ऊन चांगलं होतं. दुपारपर्यंत सात तंबू सुकून ताठ उभे राहिले. कापड आता वेगळं दिसत होतं, मऊ, जास्त पांढरं. फाटक्या तंबूला मी कडेने शिवत बसले होते तेव्हा पायवाटेवर माणसं दिसली. वीसजण, पाठीवर पिशव्या, पुढे हेमाली नावाची चाळिशीची बाई, जिच्याशी मनिषा महिनाभर फोनवर बोलत होती. आणि त्यांच्यामागे, घामाने भिजलेला शर्ट, हातात पाण्याची बाटली, प्रितमदादा.

"काय गो क्षिती," तो दम खात म्हणाला, "गुरांना नवीन चारा काढलास म्हनं? मामानं भिवंडीत धामणकर नाक्यापर्यंत सांगितलंय सगळ्यांना."

"तू कशाला आलास, दादा?"

"मदतीला. तंबूंची गाडी खाली हाय. तुमी हो म्हना, माझी पोरं तासाभरात वर आणतील. हॉटेलसारखे तंबू हायत." हे तो माझ्याशी नाही, हेमालीशी बोलत होता.

हेमालीने पिशवी खाली ठेवली. "मनिषा, खाली हे भेटले. म्हणाले तुमचे तंबू गाईंनी खाल्ले. खरं आहे?"

सावळ्याकाका बांधावरून खाली येत होते. ते थांबले, एका दगडावर बसले.

"एक खाल्ला," मनिषा म्हणाली. "बाकीच्यांची कांजी आम्ही काढली. सात तयार आहेत, दहा सांगितले होते. दोघांच्या जागी तिघांना झोपावं लागेल. चालत नसेल तर आत्ता सांगा, जेवण झाल्यावर मी तुम्हाला खाली पोचवून येईन."

वीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने विचारलं, "आणि रात्री परत गाई आल्या तर?"

"तेच म्हनतो मी," प्रितमदादा म्हणाला.

मनिषा सावळ्याकाकांच्या गोठ्याकडे चालत गेली. तिथून येताना तिच्या हातात दावं होतं आणि दाव्याच्या टोकाला तांबडी.

मी धावत तिच्याजवळ गेले. "अगं, हा प्रयोग आपण केलेला नाही," मी हळूच म्हणाले. कांजी गेली होती हे मला माहीत होतं. पण गाय आयोडीन बघून ठरवत नाही. साबण तिला आवडला तर?

"आता करतोय," मनिषा म्हणाली.

तिने तांबडीला पहिल्या तंबूपाशी नेलं आणि दावं सैल सोडलं. वीस माणसं, आठ बायका, सावळ्याकाका, प्रितमदादा, कुणी हललं नाही. तांबडीने मान पुढे केली, झडप हुंगली. जीभ बाहेर काढली आणि लांब, सावकाश चाटली. मग थांबली. नाक उडवलं, तोंड वेडंवाकडं केलं, दोनदा जीभ आत-बाहेर केली, आणि वळून खडकाजवळच्या वाळक्या गवताला लागली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, हेमालीसुद्धा. "झडप तेवढी आम्ही पुसून घेऊ," ती म्हणाली. "पिशव्या कुठे ठेवायच्या?"

"त्या घराच्या जोत्यावर. पाणी तिकडे," मनिषा म्हणाली. मग प्रितमदादाकडे वळली. "दादा, जेवून जा. चढून आलात."

तंबूचं कापड त्याने दोन बोटांत धरून बघितलं, आमच्या घरातली सगळी माणसं बघतात तसं, पोत चाचपत. "मामाचा माल हाय ना?" तो म्हणाला. मग नाचणीची भाकरी आणि तळ्यातल्या माशांचं कालवण खाल्लं, दोनदा घेतलं, आणि अंधार पडायच्या आत खाली उतरला. त्याची गाडी भरलेली आली तशी भरलेली गेली.

रात्री दव पडलं. सकाळी मी सगळ्यात आधी उठून सातही तंबूंना आतून हात लावला. सहा कोरडे होते, सातव्याच्या शिवणीपाशी ओल होती. तिथे शिवण मेणाने घासायला हवी होती, ते मी मनात टिपून ठेवलं. तिघं तिघं झोपलेली माणसं तक्रार न करता उठली, निदान मोठ्याने नाही. एका बाईने एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी चटई जाड असावी.

मंडळी उतरल्यावर सभा बसली. फार वेळ चालली नाही. कुणीतरी विचारलं, सात तंबूंवर तीन वर्षं माळ द्यायचा काय, आणि गावच्या गुरांनी जायचं कुठं? प्रश्न बरोबर होता. मनिषाने सांगितलं की गुरांची वाट तशीच राहील, तंबू वाटेच्या पलीकडे सरकवू. ते तिने आधीच मोजून ठेवलं होतं. मग सगळे सावळ्याकाकांकडे बघायला लागले.

"गाय माझी हाय," ते म्हणाले. "तिनं खाल्लं न्हाय. मी अजून काय सांगू?"

माळ गटाकडे राहिला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. बायका उठून आपापल्या कामाला लागल्या, कारण जेवणाची भांडी अजून पडली होती.

मनिषा तळ्याच्या काठावर टोप घासत होती. मी शेजारी बसले. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

"तीन तंबू राहिलेत," ती मान वर न करता म्हणाली. "आज नाचणी भिजत घातली तर मोड येऊन, वाळून, गुरुवारपर्यंत दळता येईल. पुढच्या शनिवारी हेमालीताईंच्या ओळखीची दुसरी मंडळी विचारतायत. तू येशील?"

"शुक्रवारी रात्री निघते."

"शुक्रवारी सकाळी नाही जमणार?"

मी तिच्या हातातला टोप ओढून घेतला आणि घासायला लागले.